काच दरवाज्यात पडली म्हणजे मशीन गेलं असं नाही! – कार विंडो दुरुस्तीचं काम आणि त्याचा धंदा



गाडीची काच ट्रॅकमधून निसटून दरवाज्यात पडली की गिऱ्हाईक येऊन एकच वाक्य बोलतं, "मशीन गेलंय वाटतं." आणि बऱ्याच गॅरेजमध्ये उत्तरही तयार असतं, "हो, बदलावं लागेल." गंमत म्हणजे तोपर्यंत दरवाजा कोणी उघडलेलाच नसतो.

या वेळच्या व्हिडिओत आपण दरवाजा उघडून काच परत ट्रॅकवर बसवली. व्हिडिओत हात काय करतात ते दिसतं. पण बिघाड कशावरून ओळखायचा, कधी पार्ट बदलायचा, दर कसा सांगायचा, हे तिथे सगळं मावत नाही. ते इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना ऑटो इलेक्ट्रिशियन, कार ॲक्सेसरीज किंवा घरपोच कार सर्व्हिसचा धंदा सुरू करायचाय, त्यांनी हे काम नक्की शिकून घ्यावं. भांडवल कमी लागतं, लिफ्ट किंवा पिट लागत नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्येही करता येतं. आणि गिऱ्हाइकाला घाई असते, कारण काच उघडी ठेवून गाडी रात्री रस्त्यावर लावता येत नाही. पावसाळ्यात तर अजिबातच नाही.

फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. या कामात गिऱ्हाईक पैसे देतं ते बिघाड अचूक शोधल्याचे. पार्ट काय, दुकानात कोणालाही मिळतो. हे ज्याला कळलं त्याच्याकडे माणसं परत येतात.

दरवाज्याच्या आत काय असतं?

दरवाजा म्हणजे पत्र्याचा पोकळ डबा. बाहेर एक पत्रा, आतल्या बाजूला मोठी भोकं असलेला दुसरा पत्रा आणि मध्ये काच खाली उतरायला जागा. यात कामाच्या गोष्टी एवढ्याच:

- काच: बाजूच्या दरवाज्यांना बहुतेक गाड्यांत टफन्ड काच असते. ती फुटली की तिचे एकदम बारीक दाणे होतात. मधोमध दणकट असते, पण काठावर किंवा कोपऱ्यावर लोखंडाचा ठोका बसला की खेळ खलास.
- रन चॅनेल: काचेच्या पुढच्या आणि मागच्या कडा ज्या खाचेतून वर-खाली सरकतात ती. आत यू आकाराचं रबर असतं. आपण 'ट्रॅक' म्हणतो तो मुख्यतः हाच.
- काचेचं मशीन, म्हणजे रेग्युलेटर: काच उचलणारा सांगाडा. यात दोन प्रकार सर्रास दिसतात. एक कात्रीसारख्या हातांचा, दुसरा केबलचा. केबलवाल्यात एक उभी रेल असते, तिच्यावर प्लास्टिकचा स्लायडर सरकतो आणि बारीक लोखंडी केबल त्याला ओढते.
- मोटर किंवा हँडल: पॉवर विंडो असेल तर मोटर, जुन्या किंवा बेस मॉडेलमध्ये हाताने फिरवायचं हँडल.
- होल्डर: काच मशीनला जिथे पकडलेली असते ती जागा. कुठे दोन बोल्ट असतात, कुठे प्लास्टिकची क्लिप. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला रबर घालून पत्र्याची पट्टी घट्ट बसवलेली असते.
- प्लास्टिक शीट: डोअर पॅडच्या मागे चिकटवलेला कागदासारखा पातळ पडदा. दिसायला फालतू, पण याच्याबद्दल पुढे वेगळं सांगणार आहे.

आता काच निसटते कशी? रबर वर्षानुवर्षं उन्हात तापून कडक होतं, त्यात धूळ बसते. काच जड सरकायला लागते. मोटर बिचारी जोर लावत राहते. मग जी जागा सगळ्यात कमजोर ती सुटते: कधी बोल्ट सैल होतो, कधी क्लिप तुटते, कधी केबलचे धागे उसवतात. काच एका बाजूने वाकडी होते आणि खाचेतून बाहेर पडते.

म्हणजे बघा, निसटलेली काच हे लक्षण झालं. मूळ दुखणं अनेकदा सुकलेल्या रबरात असतं. नुसतं मशीन बदललं आणि रबर तसंच कडक ठेवलं, तर नवीन मशीनवरही तोच ताण येणार.

दरवाजा उघडण्याआधीची पाच मिनिटं

पाना हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरा. गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा: काच अचानक पडली की हळूहळू जड होत गेली? पडताना आवाज आला का? याआधी हा दरवाजा कोणी उघडला होता का? मग बटण दाबा आणि ऐका.

- मोटरचा आवाज येतो, काच हलत नाही: मोटर जिवंत आहे. होल्डर सुटलाय, क्लिप तुटलीय किंवा केबल गेलीय.
- कडकड, खरखर आवाज येतो: केबल ड्रममध्ये गुंतली असेल किंवा दात झिजले असतील. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, नुकसान वाढेल.
- काच वर येते पण तिरकी: एक कड रन चॅनेलच्या बाहेर आहे किंवा दोनपैकी एक बोल्ट सैल आहे. यात बऱ्याचदा एकही पार्ट लागत नाही.
- धप्पकन आवाज होऊन काच पडली: होल्डर किंवा खालची पट्टी सुटलीय.
- सरळ पण फार हळू येते: सुकलेलं रबर, थकलेली मोटर किंवा कमी व्होल्टेज. सगळ्यात आधी रबर बघा, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे.
- काहीच आवाज नाही: फ्यूज, स्विच, वायर, मोटर या क्रमाने तपासा. ड्रायव्हरच्या बाजूचं विंडो लॉकचं बटण चुकून दाबलेलं नाही ना, हेही बघा. मागची काच मागच्या बटणाने चालत नाही पण ड्रायव्हरच्या बटणाने चालते, तर संशय मागच्या स्विचवर. दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर दरवाजा उघडून-मिटून तुटते, तीही लक्षात ठेवा.

या पाच मिनिटांत तुम्हाला अंदाज येतो. लक्षात घ्या, अंदाज! पक्कं उत्तर डोअर पॅड काढल्यावरच द्यायचं.

हत्यारं आणि सामान

सॉकेट सेट (यात १० नंबर सगळ्यात जास्त लागतो), स्क्रू ड्रायव्हर, पॅड काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मल्टिमीटर, हेडटॉर्च, जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल, रुंद मास्किंग टेप, सिलिकॉन स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, काळी ब्युटिल टेप आणि वेगवेगळ्या डोअर क्लिपांची एक डबी. एवढ्यावर धंदा सुरू होतो.

पॅड उचकटायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. पॅडच्या कडेला वळ उठतो आणि गिऱ्हाईक घरी गेल्यावर पहिली नजर तिथेच जाते.

काम पायरी-पायरीने

१. फोटो काढा. पॅडवरचे आधीचे ओरखडे, बाहेरचे डेंट, सगळं गिऱ्हाइकासमोर मोबाइलमध्ये घ्या. नंतर "हे तुम्हीच केलं" असा वाद होत नाही.

२. काच सांभाळा. काच वर येत असेल तर तिचे बोल्ट आतल्या भोकातून दिसतील अशा उंचीवर थांबवायची असते. खाली पडली असेल तर पॅड काढेपर्यंत ओढाताण करू नका.

३. पॅड काढा. स्क्रू लपवलेले असतात: आतल्या हँडलच्या झाकणाखाली, हात ठेवायच्या जागेच्या खळग्यात, कधी आरशामागच्या तिकोनी कव्हरखाली. फिरवायचं हँडल असेल तर त्याच्या मागे सी आकाराची लॉक क्लिप असते. हँडलमागे कापड घालून दोन्ही टोकं पुढे-मागे ओढली की ती सुटते. उडून हरवते म्हणून खाली हात धरा. स्क्रू काढले की प्लास्टिकच्या पट्टीने खालच्या कोपऱ्यापासून एकेक क्लिप सोडवा, मग पॅड वर उचलून घ्या. मागे स्विचचे कपलर आणि हँडलची केबल असते, ती सोडवल्याशिवाय पॅड ओढू नका.

४. शीट अलगद सोडवा. ती फाडायची नाही. काळा चिकट पदार्थ हळूहळू ताणत सोडवा. थंडीत कडक झाला असेल तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या.

५. करंट बंद करा. आत हात घालण्याआधी इग्निशन बंद आणि मोटरचा कपलर सुटा. मशीनच्या हातात सापडलेलं बोट मोटर सोडत नाही, आणि बाहेर उभं असलेलं पोरगं कधी बटण दाबेल सांगता येत नाही. कात्रीवाल्या मशीनमध्ये जोरदार स्प्रिंग असू शकते. तिला लॉक न करता मोटर सुटी केली तर मशीनचे हात झटका देतात. आतल्या पत्र्याच्या कडाही ब्लेडसारख्या असतात. म्हणून हातमोजे काढायचे नाहीत.

६. काच वर घेऊन टेप लावा. दोन्ही तळहातांनी धरून काच सरळ वर घ्या आणि रुंद टेप काचेवरून दरवाज्याच्या फ्रेमवरून पलीकडे घेऊन पक्की करा. आता दोन्ही हात मोकळे झाले.

७. खरं कारण शोधा. टॉर्च मारून बघा: बोल्ट सैल आहे? क्लिप तुटलीय? स्लायडरला तडा आहे? केबलचे धागे उसवलेत? रबर खाचेतून बाहेर लोंबतंय? दिसेल त्याचा फोटो काढा. हा फोटो पुढे बिलाच्या वेळी कामाला येतो.

८. खाच साफ करा. रन चॅनेलमधली माती ओल्या कापडाने पुसून काढा, रबर खाचेत नीट दाबून बसवा, मग सिलिकॉन स्प्रे मारा. इथे ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही. त्यावर धूळ चिकटते आणि पेट्रोलियमचं ऑइल रबराला मानवत नाही. पांढरं ग्रीस लावायचं ते मशीनच्या लोखंडी रेलला आणि दात्यांना.

९. काच ट्रॅकवर घ्या. काच थोडी तिरकी करून आधी एका बाजूच्या खाचेत सरकवा, मग सरळ करत दुसरी बाजू बसवा. आता मशीनला न जोडता हातानेच काच वर-खाली करून बघा. हाताला अडते का? अडत असेल तर मोटरलाही अडणार. ही चाचणी कधीच चुकवू नका. ट्रॅकचं दुखणं हातालाच कळतं.

१०. जोडा, पण घट्ट करू नका. होल्डरचे बोल्ट आधी हाताने लावा. मोटर जोडून काच पूर्ण वर नेऊन वरच्या रबरात बसू द्या. ती स्वतः आपली सरळ जागा घेते. मग बोल्ट आवळा. बेताने आवळायचं, मध्ये प्लास्टिकचा वॉशर असला पाहिजे. काचेला लोखंड थेट भिडलं की एक दिवस ती दरवाजा आपटताना फुटते.

११. चाचणी घ्या. पॅड लावण्याआधी काच पाच-सहा वेळा वर-खाली करा. एका टचमध्ये वर जाणारी काच असेल तर कपलर काढल्यावर तिची सेटिंग बऱ्याच गाड्यांत जाते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे, पण नेमकी कृती त्या गाडीच्या पुस्तिकेत बघा.

१२. शीट, मग पॅड. जुना गोंद चालत नसेल तर ब्युटिल टेप लावा. तुटलेल्या क्लिपा बदला. कपलर, लॉक, आतलं हँडल, स्पीकर सगळं चालतंय ना बघा. दरवाजा बंद करण्याआधी तो उघडा असतानाच हँडल आणि लॉक तपासा. आतली केबल जोडायची राहिली असेल तर बंद दरवाजा उघडायला घाम फुटतो.

त्या फालतू शीटची गोष्ट

बऱ्याच नवीन मुलांना वाटतं की दरवाज्यात पाणी जातच नाही. जातं! काच बाहेरून ओली होते, खाली उतरते, पाणी आत ओघळतं. ते दरवाज्याच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना केलेली असते. प्लास्टिक शीट ते पाणी पॅडकडे, म्हणजे गाडीच्या आत येऊ देत नाही.

मे महिन्यात तुम्ही शीट फाडून फेकली, तर तेव्हा काहीच कळत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की पॅड फुगतं, कार्पेट ओलं होतं, गाडीत कुबट वास येतो. गिऱ्हाइकाला वाटतं छत गळतंय. शोधत शोधत दुसऱ्या मेकॅनिकने पॅड काढलं की तुमचं काम उघडं पडतं. काही गाड्यांत तर एअरबॅगसाठीचा प्रेशर सेन्सर दरवाज्यात असतो, तिथे दरवाजा कंपनीसारखा बंद असणं सुरक्षेसाठीही गरजेचं आहे. म्हणून शीट परत चिकटवा, खालची भोकं काडीने मोकळी करा आणि शेवटी काचेवर बादलीभर पाणी ओतून दाखवा. पाणी खालून पडताना गिऱ्हाइकाला दिसलं की बोलायची गरज उरत नाही.

कधी काय बदलायचं?

- काच फक्त निसटलीय, सगळं शाबूत आहे: पार्ट काही नाही. फक्त मजुरी.
- बोल्ट, वॉशर, क्लिप: छोटा पार्ट आणि मजुरी.
- रन चॅनेलचं रबर फाटलंय: नवीन रबर लावा. जुनं उलटसुलट करून लावू नका.
- स्लायडर तुटलाय किंवा केबल उसवलीय: सुटा स्लायडर किंवा केबल किट काही गाड्यांचं मिळतं. नसेल तर पूर्ण मशीन.
- खालची पट्टी सुटलीय: रबर पॅकिंग नवीन घालून नीट बसवा, किंवा जिथे चिकटवायची असते तिथे विंडशील्डला वापरतात तो सीलंट वापरून पूर्ण वाळू द्या. झटपट चिकटणारा गोंद उन्हात आणि धक्क्यांत टिकत नाही.
- मोटर: थेट १२ व्होल्ट देऊनही फिरत नाही, तेव्हाच बदला.

उसवलेली केबल गाठ मारून चालवणं, काचेखाली लाकडाची पाचर ठोकणं हे धंद्याचं काम नाही. एका रात्रीपुरती काच वर अडकवून द्यायची वेळ येते, मान्य आहे. मग ती तात्पुरती आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा आणि बिलावर लिहा.

जुना पार्ट स्वस्तात लागत असेल तर मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात, नव्यासाठी पुण्यात नाना पेठेत चौकशी करता येते. पण जुना पार्ट लावला तर तो जुना आहे, हे सांगूनच लावायचा.

दर कसा ठरवायचा?

"बाजूचा किती घेतो" यावर दर ठरवू नका. स्वतःचा तासाचा खर्च काढा. समजा (हे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी, तुमचे तुम्ही टाका):

- भाडं: ८,००० रुपये
- हेल्पर: १२,००० रुपये
- वीज, फोन, पेट्रोल: ४,००० रुपये
- हत्यारांची झीज: १,००० रुपये
- तुमचा स्वतःचा पगार: २५,००० रुपये

महिन्याची बेरीज ५०,००० रुपये. महिन्यात २५ दिवस काम आणि दिवसात खरं बिल होणारे तास ५ धरले, तर १२५ तास होतात. म्हणजे तासाला ४०० रुपये. काच ट्रॅकवर बसवायला दीड तास लागला तर मजुरी ६०० रुपये, स्प्रे-टेप-क्लिपचे ८० रुपये, एकूण ६८० रुपये. यात अजून नफा धरलेला नाही, तो वर लावा. बघा, एकही मोठा पार्ट न विकता काम परवडतं.

आता दुसरी बाजू. तेच काम परत आलं, पुन्हा दीड तास गेला, तर ६०० रुपयांचा वेळ गेला. म्हणजे त्या कामाची सगळी मजुरी पुसली गेली. म्हणून हाताने काच सरकवून बघायची चाचणी आणि पाण्याची चाचणी, या दोन्हींची दहा मिनिटं म्हणजे तुमचा नफा वाचवणारी दहा मिनिटं आहेत.

तपासणीचा दर वेगळा ठेवा. पॅड काढून बघायचे एवढे रुपये, काम इथेच केलं तर ते बिलातून वजा. हे आधी सांगितलं की फुकट तपासून घेऊन निघून जाणारे कमी होतात, आणि तुम्हालाही "आता उघडलंय तर काहीतरी विकलंच पाहिजे" असा दबाव राहत नाही. हा दबावच माणसाला खोटं बोलायला लावतो.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?

समजा एक टॅक्सीवाले दादा आलेत. काच पडलीय, संध्याकाळची विमानतळाची ट्रिप आहे. ट्रिप गेली तर दिवसाची कमाई गेली. अशा माणसाला "दोन हजारांचं मशीन लागेल" म्हटलं तर तो नाइलाजाने हो म्हणेल. त्याची अडचण हीच तुमची संधी, असं कोणी शिकवत असेल तर ऐकू नका.

असं बोला: "दादा, मोटरचा आवाज येतोय, म्हणजे मोटर ठीक वाटतेय. पॅड काढून बघतो. नुसती निसटली असेल तर मजुरीत होईल. क्लिप तुटली असेल तर एवढे जास्त. मशीनच गेलं असेल तर आधी फोन करतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय बदलत नाही."

तीन शक्यता, तीन रकमा, आणि परवानगीशिवाय पार्ट नाही. काम झाल्यावर तुटलेली क्लिप त्यांच्या हातात द्या, आधीचा आणि नंतरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.

न लागणारं मशीन विकून तुम्हाला समजा ४०० रुपये जास्त मिळाले. पण हे दादा रोज टॅक्सी स्टँडवर बसतात आणि तिथे बाकीच्यांशी हाच विषय निघतो. "त्याने मला मशीन न विकता काच बसवून दिली," हे वाक्य तिथे एकदा बोललं गेलं, की ती जाहिरात तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही. उलटं वाक्यही तितक्याच वेगाने पसरतं.

बिलावर तीन ओळी लिहायची सवय लावा: बिघाड काय होता, काय केलं, कशाची किती दिवसांची हमी. मजुरीची हमी तुमची, पार्टची हमी पार्टवाल्याची. आणि समोरच्या दरवाज्याचं रबरही सुकलंय असं दिसलं तर तसं लिहून द्या. आज काम मिळो न मिळो, आठवण राहते.

सुरुवात कुठून?

पाया पक्का हवा असेल तर आयटीआयचा मोटर मेकॅनिक व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. नाहीतर चांगल्या गॅरेजमध्ये सहा महिने हाताखाली काम करा. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. या एका कामापुरती हत्यारं त्यात सहज बसतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, तोपर्यंत निदान वहीत रोजचा जमाखर्च लिहा.

सुरुवातीला सगळ्या गाड्यांमागे लागू नका. तुमच्या भागात जास्त दिसणारी चार-पाच मॉडेल निवडा, त्यांच्या क्लिपा आणि बोल्ट डबीत ठेवा. फ्रेम नसलेले दरवाजे, महागड्या परदेशी गाड्या, एअरबॅगची लाइट लागलेली गाडी असं काही आलं तर सरळ सांगा, "हे माझं काम नाही, अमुक ठिकाणी न्या." नाही म्हणणाऱ्या कारागिराच्या 'हो'ला किंमत असते.

आणि आता गृहपाठ. भंगारवाल्याकडून एक जुना दरवाजा आणा, मशीन आणि काचेसकट. त्यावर पॅड काढणं, काच ट्रॅकमधून उतरवणं, परत बसवणं, हे दहा वेळा करा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. पहिल्या वेळी किती लागली आणि दहाव्या वेळी किती, हे वहीत दिसेल. दहाव्या वेळचा आकडा तुमच्या तासाच्या दराने गुणा. तुमची मजुरी तुम्हाला मिळाली. मग तो दर गिऱ्हाइकाला सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हातमोजे घाला आणि कामाला लागा!